सख्खी भावंडं, धोका एकच, आकडे मात्र तीन

शाईचा_डाग

चार महिन्यांपूर्वी आमच्या दादाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. वय ५२. ऑपरेशन झालं, केमो सुरू आहे, तब्येत बरी आहे. पण धागा त्याच्याबद्दल नाही, आम्हा उरलेल्या तिघांबद्दल आहे.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की सख्ख्या भावंडांनी कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघतात ती तपासणी) करून घ्या. त्या दिवशी बाहेर बाकावर बसलो असताना वहिनीने विचारलं, "तुम्हाला प्रत्येकाला काय वाटतं, आपल्याला होण्याची शक्यता किती?"

ताई (५५) : "मला होणारच. ऐंशी टक्के धर."
मी (४८) : "एखाद-दोन टक्के. जवळजवळ नाहीच."
धाकटा (४४) : "मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही."

आईवडील तेच, आजारी पडलेला भाऊ तोच, डॉक्टरांचं वाक्य तिघांनी एकत्रच ऐकलेलं. तरी हे असं.

माझा आकडा आला कुठून, हे रात्री स्वतःला विचारलं. उत्तर लाजिरवाणं आहे. मी आईवर गेलेय. दादा हुबेहूब बाबा : तेच कपाळ, तोच आवाज, चालायची ढबही तीच. आणि बाबांच्या बहिणीला, म्हणजे आमच्या आत्याला, 'पोटाचं काहीतरी' झालं होतं. म्हणजे मी मनातल्या मनात हा आजार बाबांच्या कपाळाला बांधून टाकला होता. माझं कपाळ आईचं, सबब मी सुटले!

तर प्रश्न असा : तुम्ही स्वतःचा धोका किती धरता आणि कशावरून? पुस्तकातला आकडा नकोय, मनातला सांगा.

---

पिसारा

शून्य. आत्ता हा धागा उघडेपर्यंत या आजाराचा विचारच केला नव्हता. ज्याचा विचार केला नाही ते आपल्याला होत नाही, असा काहीतरी हिशेब असावा डोक्यात.

---

टवाळ_टोणगा

पन्नास टक्के. एक तर होईल, नाहीतर नाही होणार. 😄

---

गणितवेडा

टोणगा, तुम्ही गंमत केलीत, पण सर्वेक्षणं करणाऱ्यांना या पन्नासाने फार छळलंय. '० ते १०० मध्ये सांगा' म्हटलं की पन्नासपाशी माणसांचा ढीग लागतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना म्हणायचं असतं, 'मला काय माहीत!' त्याला आकडा समजून सरासरी काढली की सगळंच चुकतं.

डागताई, तुमच्या 'एखाद-दोन टक्के'ला मोठी परंपरा आहे. १९८० साली नील वाइनस्टाइन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की, बरोबरीच्या मुलांच्या तुलनेत तुमच्या बाबतीत अमुक घडण्याची शक्यता कमी की जास्त? चांगल्या गोष्टी आपल्याकडे जास्त येतील आणि वाईट गोष्टी दुसऱ्यांकडे जातील, असंच बहुतेकांनी सांगितलं. प्रत्येक जण सरासरीपेक्षा सुरक्षित असू शकत नाही, एवढं साधं गणित. पुढे निरनिराळ्या आजारांबद्दल हेच विचारलं गेलं आणि उत्तरही बरंचसं तसंच आलं.

एक मात्र लक्षात घ्या. 'तुमचा धोका किती' आणि 'इतरांपेक्षा जास्त की कमी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तोच माणूस पहिल्याला 'तीस टक्के' म्हणतो (म्हणजे भरपूर जास्त) आणि दुसऱ्याला 'इतरांपेक्षा कमीच' म्हणतो. दोन्ही उत्तरं एकाच डोक्यात शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

---

मुकाट

एरवी नुसता वाचतो, पण या विषयावर लिहायलाच हवं.

मला कळलं तेव्हा मी ४६ वर्षांचा होतो. त्याआधी दीड-दोन वर्षं अधूनमधून रक्त जायचं. तिशीत मूळव्याध झाली होती, म्हणून रक्त दिसलं की माझ्याकडे नाव तयारच असायचं. कागदावर लाल दिसलं, पाणी ओतलं, संपलं. पुढे दम लागायला लागला, तपासणीत हिमोग्लोबिन कमी आलं. मी लोहाच्या गोळ्या आणल्या, पण लोह जातंय कुठे हे विचारलं नाही. स्वतःला नाही आणि डॉक्टरांनाही नाही. दुखणं अंगावर काढणं म्हणतात ना, ते यालाच.

तेव्हा कुणी विचारलं असतं की कॅन्सरची शक्यता किती, तर मी ठणकावून 'काहीच नाही' म्हटलं असतं. माझा धोका कमी होता म्हणून नव्हे. माझ्या रक्ताची जागा आधीच दुसऱ्या नावाने अडवलेली होती म्हणून.

सुपातले हसतात आणि जात्यातले रडतात म्हणतात. मी जात्यात पडून वर्ष झालं होतं आणि तरी सुपात असल्यासारखा हसत होतो.

आता बरा आहे. सहा वर्षं झाली.

---

पिसारा

मुकाट, __/\__ लिहीत जा हो.

---

आतली_गोष्ट

पोटविकारांच्या विभागात बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे थोडं लांबणार आहे.

आधी कपाळाचं बघू. घराण्यातून येणाऱ्या प्रकारांत सर्वात जास्त आढळतो तो लिंच सिंड्रोम. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल उतरते, त्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी जनुकं असतात : एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. यातल्या एकात जन्मतःच बिघाड असला की चुका साठत जातात. आई किंवा वडील, कुणा एकाकडे असा बिघाड असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडवलं जातं. नाक, कपाळ, रंग, स्वभाव यांचा त्या नाण्याशी काही संबंध नाही. बाबांसारखी दिसणारी मुलगी सुटू शकते आणि आईवर गेलेल्या मुलीला तो बिघाड बाबांकडून येऊ शकतो. 'मी तिकडची नाही' हे वाक्य तपासणीच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू!

पण थांबा. मोठ्या आतड्याच्या सगळ्या कॅन्सरांत लिंचचा वाटा साधारण शंभरात तीन. बहुसंख्य रुग्णांच्या घरात आधी कुणालाही हा आजार झालेला नसतो. म्हणून 'आमच्याकडे कुणाला नाही' हा दिलासा वाटतो तेवढा भक्कम नाही. आणि 'भावाला झाला म्हणजे मला होणारच' हेही खरं नाही. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांपैकी एकाला झाला असेल तर धोका ढोबळमानाने दुप्पट होतो. नातेवाईक तरुण वयात आजारी पडला असेल, किंवा एकाहून जास्त जणांना झाला असेल, तर त्याहून वाढतो.

डागताई, तुम्हाला दोन कामं सांगते. एक, दादाच्या गाठीवर, दुरुस्तीच्या त्या चार जनुकांपासून बनणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी झाली आहे का, ते विचारा. काढलेल्या गाठीच्या तुकड्यावरच करतात. दुसरं, आत्याचं 'पोटाचं काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे कुणाला ठाऊक असेल तर खोदून काढा. लिंचमध्ये गर्भाशयाचा कॅन्सरही होतो आणि घराघरांत तोही 'पोटाचं' या एका शब्दात गुंडाळलेला असतो.

---

शाईचा_डाग

बाप रे. आत्याचं नक्की काय होतं हे आमच्यात कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा मोठी माणसं आवाज खाली आणून बोलायची आणि आम्ही खोलीत गेलो की गप्प व्हायची. एवढंच आठवतं.

गाठीचं विचारते.

---

आतली_गोष्ट

अवांतर, पण तुमच्या ताईंसाठी. १८९५ साली मिशिगन विद्यापीठातल्या अल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला (पॅथॉलॉजिस्टला) त्याची शिवणकाम करणारी बाई खिन्न दिसली. कारण विचारलं तर म्हणाली, आमच्या घरात सगळे आतड्याच्या, पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती खरंच तशीच गेली. वॉर्थिनने तिच्या घराण्याची माहिती गोळा करून १९१३ साली प्रसिद्ध केली. ज्यांच्या नावाने लिंच सिंड्रोम ओळखला जातो त्या हेन्री लिंच यांचं काम त्यानंतर अर्ध्या शतकाने सुरू झालं आणि एमएसएच२ हे जनुक सापडलं १९९३ साली. म्हणजे त्या बाईचा अंदाज विज्ञानाच्या जवळजवळ शंभर वर्षं पुढे होता.

म्हणून ताईंचं 'होणारच' मी हसण्यावारी नेणार नाही. फरक इतकाच की त्या बाईने घरातली माणसं मोजली होती. ताईंनी काय मोजलंय?

---

शाईचा_डाग

दादाच्या उशाशी काढलेले दिवस. ऑपरेशननंतर रोज तीच होती तिथे. नळ्या, पिशव्या, वास, सगळं तिने पाहिलंय. मी आठवड्यातून दोनदा जायचे, खुर्चीत बसायचे आणि यायचे. तिचे ऐंशी आणि माझे दोन यांच्यात हे अंतर आहे की काय, असं आत्ता लिहिताना वाटलं.

---

गणितवेडा

आहेच. जे डोळ्यांसमोर चटकन येतं ते आपल्याला वारंवार घडणारं वाटतं, हे टव्हर्स्की आणि काहनेमन यांनी १९७३ मध्येच मांडलंय. केटी कूरिक या अमेरिकी वृत्तनिवेदिकेचा नवरा १९९८ मध्ये ४२व्या वर्षी याच आजाराने गेला. मार्च २००० मध्ये तिने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर स्वतःची कोलोनोस्कोपी करून घेतली आणि त्यानंतर तिथे तपासण्यांचं प्रमाण खरोखर वाढलं. लोकांचा धोका एका सकाळीत वाढला नव्हता. फक्त त्याला चेहरा मिळाला.

---

भटका_ढग

मी त्यातलाच. हॉलिवूडचा नट चॅडविक बोसमन याच आजाराने २०२० मध्ये ४३व्या वर्षी गेला, तेव्हा मी ४२ चा होतो. आठवडाभर झोप नाही. पोटात गुडगुडलं तरी घाम फुटायचा. मग भीती आपोआप विरली आणि त्याबरोबर तपासणीचा विचारही. हिशेब करा, घाबरून उपयोग काय झाला?

---

टवाळ_टोणगा

म्हणजे न घाबरणारे तपासणीला जात नाहीत आणि घाबरणारेही जात नाहीत. मग जातं कोण?

---

वाटाड्या

माझं उत्तर विचित्र वाटेल. मला माझा धोका नीट माहीत होता. वय ५८, वजन जास्त, वीस वर्षं सिगारेट, मधुमेह. कुणी विचारलं असतं तर 'बराच' म्हणालो असतो. परदेशात असतो, इथे या कॅन्सरच्या तपासणीसाठी घरी पोस्टाने डबी येते. शौचाचा अगदी थोडा नमुना घ्यायचा आणि परत पाठवायचा, तेही फुकट. ती डबी माझ्या खणात आठ महिने पडून होती.

आड काय आलं? किळस. बाकी काही नाही. नमुना पाण्यात पडायच्या आत धरायचा कसा, ती डबी घरात ठेवायची कुठे, मुलीने खण उघडला तर... साठीला आलेला माणूस स्वतःच्याच विष्ठेला लाजत होता. टक्केवारी शंभर वेळा समजावली असती तरी मी हललो नसतो. बायकोने एक दिवस हातमोजे आणि जुन्या डब्याचं झाकण आणून दिलं आणि 'उद्या सकाळी' एवढंच म्हणाली. दोन मिनिटांचं काम होतं.

---

आतली_गोष्ट

वाटाड्या, हे सोनं आहे. धोका किती वाटतो आणि माणूस तपासणीला जातो की नाही, यांचा संबंध आहे, पण सैल. मध्ये लाज, किळस, वेळ, 'काही निघालं तर' अशी सगळी वस्ती बसलेली असते. ही चाचणी शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. हल्लीच्या चाचणीत मानवी रक्तातलंच प्रथिन शोधतात, त्यामुळे जुन्या चाचणीसारखं आधी खाण्याचं पथ्य नसतं. हे कळलं तरी कित्येकांचा अर्धा नकार गळून पडतो.

---

पिसारा

आणि त्या डबीचा निकाल वाईट आला तर? माझी खरी भीती ती आहे. चाचणी केलीच नाही तर निदान शून्यावर तरी राहीन.

---

गणितवेडा

पिसारा, टक्के बाजूला ठेवा, माणसं मोजा.

१००० माणसांनी ती डबी पाठवली. समजा त्यातल्या ५ जणांना खरंच कॅन्सर आहे. २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात ही चाचणी साधारण ७९ टक्के कॅन्सर पकडते आणि कॅन्सर नसलेल्यांपैकी ९४ टक्के लोकांना बरोबर सोडते, असं आलं होतं. म्हणजे ५ पैकी ४ सापडले, १ निसटला. उरलेल्या ९९५ पैकी साठेक जणांचीही चाचणी 'पॉझिटिव्ह' येणार. एकूण ६४ जणांना 'पुढे तपासा' असं पत्र जाईल आणि त्यात कॅन्सर असलेले फक्त ४. सोळात एक.

पत्र आलं म्हणजे निकाल लागला असं नाही. तसंच पत्र आलं नाही म्हणजे कायमची सुटका असंही नाही, तो निसटलेला एक आठवा. म्हणून ही चाचणी ठरावीक काळाने पुन्हा करतात.

---

आतली_गोष्ट

आणि त्या साठांतल्या बऱ्याच जणांना पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर उगवलेले छोटे कोंब) सापडतात, तेही कामाचंच. कॅन्सर बहुधा पॉलिपमधून होतो आणि त्याला साधारण दहा किंवा जास्त वर्षं लागतात. बहुतेक पॉलिप तिथवर पोचतच नाहीत, पण कोणता पोचेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून कोलोनोस्कोपीतच काढून टाकतात. 'होईल की नाही' याची नुसती वाट बघत बसावं असा हा आजार नाही, होण्याआधी बराच काळ मध्ये हात घालता येतो. दहा वर्षांची ही फट लोकांच्या मनातल्या चित्रात नसतेच. त्यांच्या चित्रात कॅन्सर एका रात्रीत येतो.

पण मुकाट यांच्यासारखं रक्त दिसत असेल, शौचाच्या सवयी काही आठवडे बदललेल्या असतील, वजन उतरत असेल किंवा लोह कमी येत असेल, तर घरच्या चाचणीवर समाधान मानू नका. डॉक्टरांना दाखवा. वय कमी असलं तरी. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये हा आजार अनेक देशांत वाढतोय, २०२१ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने सर्वसाधारण माणसासाठी तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं ते त्यामुळेच.

---

टवाळ_टोणगा

पण मध्ये वाचलं होतं की कोलोनोस्कोपीचा म्हणावा तेवढा उपयोग नाही. फक्त १८ टक्के फरक पडतो म्हणे.

---

गणितवेडा

या १८ ची एक मजा सांगतो.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं की प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. जगभर हाहाकार. २०२२ मध्ये युरोपातल्या नॉर्डिक अभ्यासाचा (एका गटाला तपासणीचं आमंत्रण, दुसऱ्याला नाही) निकाल आला : कोलोनोस्कोपीचं आमंत्रण मिळालेल्या गटात दहा वर्षांत हा कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी. लगेच सूर लागला, 'फक्त १८?' तोच आकडा. वाढतो म्हटलं की डोंगर, कमी होतो म्हटलं की खडा.

आता माणसं मोजा. आमंत्रण नसलेल्या गटात दहा वर्षांत १००० पैकी १२ जणांना कॅन्सर झाला, आमंत्रण असलेल्या गटात साधारण १० जणांना. हजारात दोन, हा तो १८ टक्के. आणि मेख अशी की आमंत्रण मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष तपासणीला गेले फक्त ४२ टक्के. अर्ध्याहून जास्त लोक घरीच बसले होते आणि तरी त्यांची गणना त्याच गटात. वाटाड्यांचा खण आठवा.

---

टवाळ_टोणगा

बरं. हे मला माहीत नव्हतं. टोणगा मागे घेतो.

---

शाईचा_डाग

पाच आठवड्यांनी परत आलेय, उशिराबद्दल माफी.

दादाच्या गाठीची तपासणी आधीच झाली होती, कागद फाइलमध्येच होता, आम्ही कुणी वाचला नव्हता! चारही प्रथिनं जागेवर आहेत. म्हणजे लिंचची शक्यता बरीच कमी. आत्याचं कोडं सुटलं नाही, सांगू शकणारं कुणी उरलेलंच नाही.

डॉक्टरांनी आम्हाला दोघींना समोर बसवून सांगितलं की, जिथे हा आजार जास्त आढळतो अशा देशांत सर्वसाधारण माणसाला आयुष्यभरात तो होण्याची शक्यता साधारण शंभरात चार. भावामुळे ती दुप्पट धरा, आठ. तीही काही तपासणी केली नाही तर. बाहेर आल्यावर मी ताईला विचारलं, आता किती वाटतं? म्हणाली, "बरं, मग तीस धर." आणि मी? आठ ऐकून आले होते, तरी मनात उमटले चार. ती ऐंशीवरून खाली उतरली, मी दोनवरून वर चढले, पण आठच्या घरात दोघींनीही पाऊल टाकलं नाही. दोघी पायऱ्यांवर हसत बसलो.

ताईची कोलोनोस्कोपी झाली, स्वच्छ. तरी दर पाच वर्षांनी करायला सांगितलीय. माझी येत्या गुरुवारी.

धाकटा अजून 'बघतो' म्हणतोय. पण काल रात्री त्याचा मेसेज आला, पाच महिन्यांतला या विषयावरचा पहिला : "दुखतं का?" बाकी एक शब्द नाही. त्याला काय लिहू? माझं अजून झालेलं नाही आणि ताईला विचारलं तर ती सगळं रंगवून सांगेल.

---

मुकाट

त्याला लिहा : तपासणीचं काहीच आठवत नाही, आदल्या रात्रीचं आठवतं. पोट साफ करायचं औषध लिटरभर किंवा जास्तही प्यावं लागतं, चव वाईट. गार करून नळीने प्यायलं तर उतरतं. दुसऱ्या दिवशी काही खायचं नाही आणि रात्रभर संडासापासून लांब जायचं नाही. फोन चार्ज करून ठेवायचा.

---

आतली_गोष्ट

गुंगीचं औषध बहुतेक ठिकाणी देतात, नको असेल तर नाही म्हणता येतं. तपासणीला साधारण अर्धा तास. आत हवा सोडतात म्हणून नंतर थोडा वेळ पोट फुगल्यासारखं वाटतं. आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, पण काही हजारांत एखाद्याला, आणि हे त्याच्यापासून लपवू नका. गुंगी दिली तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी लागतं.

---

शाईचा_डाग

दोन्ही तसंच्या तसं पाठवलं. त्याने विचारलंय, "सोबत तू येशील का?"